धूर आडवा का पसरतो?

जानेवारीत पहाटे नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढून मागे वळून पाहा. खालच्या वस्तीतल्या शेकोटीचा धूर सरळ वर येतो आणि थोड्या उंचीवर, छताला टेकावा तसा, आडवा पसरतो. ते छत हवेचंच असतं.

निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. तिला लागलेली हवाही गार आणि जड होते, वरची मात्र तेवढी निवत नाही. एरवी उंचावर हवा थंड असते; इथे उलट. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वर चढत नाही, मग तिच्यातला धूर तरी कुठे जाणार? निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, त्या याच्याच भरवशावर: ऊब वर निसटत नाही, वेलींभोवती राहते. बागेला तारणारं हे छत शहरात मात्र आपला धूर आपल्याच नाकाशी कोंडून ठेवतं.

त्यात कण किती बारीक, यावर बरंच अवलंबून आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा धूलिकण १० मीटर उंचीवरून साधारण तासाभरात खाली बसतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून जास्त लागतात! २०२७च्या सिंहस्थासाठी खोदलेल्या रस्त्यांचा धुरळा बहुतांशी भरड. पाणी मारलं की दबतो, आणि ते मारायलाच हवं. पण डिझेल, कोळसा, जाळलेला कचरा यांचे २.५ मायक्रॉनहून लहान कण पाण्याच्या फवाऱ्याला फारसे दाद देत नाहीत आणि थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तोंडाला बांधलेला स्कार्फही त्यांना फारसा अडवत नाही.

या बारीक कणांची भारतातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. दोन्ही २४ तासांच्या सरासरीच्या. रोज आपण पाहतो त्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकातही कणांची २४ तासांचीच सरासरी धरतात. दुपारची मोकळी हवा सकाळचा कोंडमारा त्या आकड्यात झाकून टाकते, हे मला फार खटकतं. फिरायला जाणारा माणूस सरासरी हवा घेत नाही, सकाळी सातची घेतो.

ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर उसळते आणि छत मोडतं. आईला दमा आहे. थंडीत तिचं गंगेवरचं, म्हणजे गोदाकाठचं, फिरणं मी सहावरून साडेनवावर नेलंय. निघण्याआधी गच्चीत जाऊन धूर आडवा न पसरता वर जातोय ना, तेवढं बघते.