जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने विचारलं, मुलाला गॅस्ट्रो झाला होता, बरा झाला, आता तीन आठवड्यांनी गुडघा टम्म सुजलाय, काय करू? अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस. युरिक ॲसिड चेक करा, वात आहे वांगी बंद करा, तांब्याचं कडं घाला, आणि एकाने तर 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पुडीवाल्याचा नंबरच टाकला. अशा पुड्यांमध्ये गुपचूप मिसळलेलं स्टिरॉइड कितीदा तरी सापडलंय, म्हणून तर गुण लगेच येतो. पण 'गॅस्ट्रो झाला होता' हे प्रश्नातच लिहिलं होतं त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही!

याला रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, यर्सिनिया असले पोटाचे जंतू किंवा शरीरसंबंधातून पसरणारा, लघवीच्या मार्गातला क्लॅमिडिया, यांचं इन्फेक्शन होऊन साधारण एक ते चार आठवडे गेले की सांधा सुजतो. बहुतेक वेळा गुडघा नाहीतर घोटा, तोही एकाच बाजूचा. टाच दुखते, पायाचं एखादं बोट आख्खं फुगतं, डोळे लाल होतात, लघवीला जळजळ होते. आणि सांध्यातलं पाणी काढून कल्चरला लावलं तर त्यात जंतू उगवतच नाही. चोरी पोटात आणि पोलीस गुडघ्यात, असा प्रकार.

१९६२ साली अमेरिकन नौदलाच्या एका जहाजावर पिकनिकच्या जेवणातून ६०२ जणांना शिगेलाचे जुलाब झाले. सांधे धरले फक्त ९ जणांचे. तेच जेवण, तोच जंतू, मग बाकीचे का सुटले? पुढे बऱ्याच वर्षांनी त्यातले ५ जण शोधून तपासले तर ४ जणांकडे एचएलए-बी२७ नावाचं जीन निघालं.

आता हे बी२७ म्हणजे काय, इथे मला थांबवू नका. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो ना, अगदी तेच आपलं शरीर चोवीस तास करत असतं. जवळजवळ प्रत्येक पेशी आतल्या प्रोटीनचे बारीक तुकडे करते, साधारण ८ ते १० अमिनो ॲसिडचं एक शीत, आणि ते एचएलए नावाच्या पळीत घालून पेशीच्या बाहेर धरते. टी-सेल येते, शीत चाचपते, घरचं असलं तर पुढे जाते, परकं असलं तर पेशी मारते. बी२७ ही त्याच पळीची एक वेगळी घडण. एक अंदाज असा की या पळीत बसणारं जंतूचं शीत आपल्याच सांध्यातल्या एखाद्या शितासारखं दिसतं आणि टी-सेल फसते. दुसरा अंदाज मला जास्त आवडतो. ही पळी पेशीच्या आत घडतानाच नीट वळत नाही, अर्धवट घडीचा माल आत साचतो, पेशीवर ताण येतो, मग आयएल-२३ आणि त्यामागून आयएल-१७ हे सूज पेटवणारे निरोप सुटतात, आणि स्नायूचा दोर हाडाला जिथे बांधलेला असतो तिथल्या काही पेशी आयएल-२३ च्या निरोपाला फार लवकर उठतात, म्हणून टाच दुखते. (इथे गोंधळ झाला असेल तर पुढचा उंदरांचा भाग तरी वाचाच.) १९९० मध्ये माणसाचं बी२७ उंदरांमध्ये घातलं, तर त्यांचं आतडं आणि सांधे दोन्ही सुजले. १९९४ मध्ये तसलेच उंदीर पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले तर दोन्ही ठणठणीत! म्हणजे नुसतं जीन पुरत नाही, पोटातले जंतूही लागतात. म्हणूनच बी२७ पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार झालाच असं नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. निगेटिव्ह असूनही होतो ते वेगळंच. हेल्थ पॅकेजमध्ये ही टेस्ट उगाच विकतात.

उपचार तसा साधा. नॅप्रॉक्सेनसारखी सूज उतरवणारी गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण डोसमध्ये, एकच सांधा अडला असेल तर आत जंतू नाही याची खात्री करून सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. महिनोन्महिने चाललं तर सल्फासालाझिन, मेथोट्रेक्सेट अशी सूज मुळातून आवरणारी औषधं. जुलाब थांबल्यावर अँटिबायोटिक घेऊन सांधा बरा होत नाही, पण क्लॅमिडिया असेल तर ते घ्यावंच लागतं, जोडीदारानेही. इथे लोक लाजतात, लघवीचं डॉक्टरला सांगतच नाहीत. बहुतेकजण तीन ते सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात बरे होतात, थोड्यांचं मात्र रेंगाळतं.

लहान मुलांत बहुधा पोटाच्या इन्फेक्शननंतर होतं आणि मुलं लवकर सावरतात. पण ताप आहे, सांधा गरम आहे, मूल पाय टेकवतच नाही, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कारण सांध्यात खराच पू झाला असेल तर काही दिवसांत कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गुळगुळीत गादी, खराब होते. घसा दुखून गेल्यावर सांधे धरले तर मात्र वेगळा विचार, तिथे ऱ्हुमॅटिक फीवरचा, म्हणजे घशातल्या स्ट्रेप जंतूनंतर सांधे आणि हृदय धरणाऱ्या आजाराचा, धोका असतो, हृदयाची इको करून बघतात. नुसता एएसओ (स्ट्रेप जंतू येऊन गेल्याची खूण दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिन टोचून घेणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यातल्या काहींना त्याची गरजच नव्हती.

ग्रुपवरच्या त्या मुलाच्या गुडघ्यातलं पाणी काढलं, कल्चरमध्ये काही उगवलं नाही, गोळी चालू झाली. दिवाळीत तो खाली क्रिकेट खेळत होता, वांगी खाऊन.