एएनए आणि अँका: नावं सारखी, इशारे वेगळे

पायाला मुंग्या येतात म्हणून रक्त तपासलं आणि रिपोर्टवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ किंवा ‘अँका पॉझिटिव्ह’ आलं, की घरचे दोन्ही एकाच दावणीला बांधतात. तसं करू नये.

एएनए ही पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी). धडधाकट माणसांतही ती सापडतात. १:४० पातळीला (म्हणजे रक्तद्रव चाळीसपट पातळ करून) तर साधारण तीन-चार जणांत एकाकडे. त्यामुळे नुसत्या एएनएवर ल्युपसचा (शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याच्या आजाराचा) शिक्का मारता येत नाही. सोबत डोळे-तोंड कोरडं पडत असेल आणि एसएसए-रो हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह असेल, तर शोग्रेनचा (लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटणाऱ्या तशाच आजाराचा) विचार होतो. (एसएसए असूनही एएनए कधीकधी निगेटिव्ह येते.) शोग्रेनमध्ये नसांचं (मज्जातंतूंचं) दुखणं बहुधा हळूहळू वाढतं, तळपायांची आग महिनोन्‌महिने चालते. इजा बारीक तंतूंना असेल तर नर्व्ह कंडक्शन तपासणी नॉर्मल निघते आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकावं लागतं. हे फार वाईट आहे. त्वचेच्या बायोप्सीत तंतू कमी झालेले दिसू शकतात.

अँका हीही प्रतिपिंडंच, पण त्यांचा रोख न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींतल्या पीआर३ किंवा एमपीओ या प्रथिनांवर असतो. इथे नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि नस उपाशी पडते. म्हणून दुखणं अचानक येतं: एक पाऊल उचलेनासं होतं, चप्पल निसटते, थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचं मनगट पडतं. जुना दमा आणि वाढलेले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील तर ईजीपीए हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार आठवायलाच हवा. त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांची अँका निगेटिव्ह असते, तेव्हा निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्रात मात्र पाऊल असं लुळं पडलं की कुष्ठरोगही तपासावाच. बधिर चट्टा, जाड झालेली नस शोधावी.

घोटाळा प्रयोगशाळेतही होतो. एएनए जोरात असेल तर काचपट्टीवर पी-अँका (केंद्रकाभोवती दिसणारा अँकाचा नमुना) असल्यासारखं दिसतं. म्हणून पीआर३ आणि एमपीओ वेगळे मोजून घ्यावेत. २०१७च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनेही आधी याच चाचण्या करायला सांगितलं आहे.

एएनएच्या रिपोर्टला पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबता येतं. पाऊल लुळं पडलं असेल तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे जा, लघवी आणि क्रिएटिनिनही तपासा, कारण अँकाचा हाच रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार मूत्रपिंडंही गाठतो. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइडने सूज आवरते, पण तुटलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो.