लांब पल्ल्यावर सुधारणारी थ्री नॉट थ्री

मे महिन्याच्या दुपारी जालन्याहून परभणीकडे निघालं की नांगरून पडलेल्या काळ्या रानावर हवा उकळताना दिसते. पलीकडची बाभळ कमरेत तुटून तरंगतेय असं वाटतं. त्याच रानात 900 मीटरवर एक पांढरा बोर्ड उभा आहे आणि तुमच्या हातात शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीची, दुर्बीण नसलेली लष्करी रायफल आहे, असं समजा. (समजायचंच! .303 बोअर आपल्याकडे सामान्य माणसाला बाळगता येत नाही. हा छंद चालतो तो इंग्लंडात, बिस्लीसारख्या मैदानांवर.)

ही रायफल आपण पाहिली ती पोलिसाच्या खांद्यावर किंवा एनसीसीच्या कवायतीत. थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. बंगालात इशापूरच्या कारखान्यातही ती बनायची. तिची 11.3 ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 744 मीटर वेगाने सुटते. नळीतले आटे दर 10 इंचांना तिला एक फेरा देतात, म्हणजे सेकंदाला 2,900 गिरक्या. भोवऱ्यासारखी फिरते म्हणून ती हवेत कोलांट्या खात नाही.

पण जुने नेमबाज एक विचित्र गोष्ट सांगतात: जवळ जरा पसरट मारणारी ही रायफल लांबवर सुधारते. अंतर वाढलं की चूक वाढायला हवी, मग हे कसं?

प्रत्येक काडतुसातली दारू तंतोतंत सारखी जळत नाही. एक गोळी 744 ने सुटली, दुसरी 734 ने, असं धरू. शंभर मीटरवर दोघींच्या पडण्यात फरक जेमतेम अडीच मिलीमीटरचा. 900 मीटरवर मात्र, हवेचा अडथळा नाही असं मानलं तरी, तो 20 सेंटीमीटर होतो. खऱ्या हवेत आणखी जास्त. हळू गोळी खाली लागणार, हे उघड आहे.

इथे रायफलीचा दोषच कामाला येतो. बोल्ट म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा पोलादी दांडा. जर्मन माउझर रायफलीत तो पुढच्या टोकाला अडकतो, ली-एनफिल्डमध्ये मागे. बार उडताच बोल्ट आणि त्याभोवतीचं पोलाद किंचित दबतं, वाकतं आणि नळी वेताच्या छडीसारखी हलते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वर चाललेलं असतं. हळू गोळीला बाहेर यायला कणभर उशीर होतो, तेवढ्यात तोंड आणखी वर गेलेलं असतं, म्हणून ती थोड्या चढ्या कोनात निघते. जवळच्या बोर्डावर ती वर लागते आणि रायफलीला नावं ठेवली जातात. लांब जाता जाता ती जास्त पडते आणि हजार यार्डांच्या, म्हणजे त्याच 900 मीटरच्या, आसपास दोघी पुन्हा जवळ येतात. कुणी ठरवून केलेली ही करामत नव्हे. रचनेतून आपसूक उतरलेली.

वरखालचं असं निभावतं, वाऱ्याचं नाही. आडवा वारा गोळीला बाजूला नेतो आणि त्यावर नळीकडे इलाज नाही. तिथे ते उकळणारं रानच वाचावं लागतं. तापलेल्या, विरळ हवेतून प्रकाश वाकतो म्हणून बोर्ड थरथरतो, नेम धरणं अवघड होतं. पण त्याच लहरी वारा असेल त्या दिशेला वाहताना दिसतात. वारा पडला की त्या सरळ वर चढू लागतात. मुरलेला नेमबाज तेव्हा ट्रिगरवरचं बोट सैल करतो, कारण पुढची झुळूक कुठून येईल याचा नेम नसतो.