गुन्हेगारीपटातला अमली पदार्थांचा तस्कर

अमली पदार्थांच्या धंद्यात शिरलेल्या माणसाचा उदय आणि अस्त दाखवणारा गुन्हेगारीपटाचा एक प्रकार. हातात काही नसलेला तरुण लहानसहान खेपा पोचवत मालकाचा विश्वास मिळवतो, मग त्यालाच बाजूला सारतो. पैसा येतो, दरारा वाढतो. पुढे संशय, व्यसन आणि फितुरी त्याला पोखरतात आणि तो गोळीने किंवा तुरुंगात संपतो.

कथेचा हा साचा दारूबंदीच्या काळातल्या अमेरिकेत पक्का झाला. हॉवर्ड हॉक्सच्या ‘स्कारफेस’चा (१९३२) नायक चोरट्या दारूचा धंदा करतो. अमली पदार्थांची तस्करी पडद्यावर दाखवायला हॉलिवूडच्या नियमावलीची मनाई होती. ती १९५६ मध्ये सैल झाली. ब्रायन डी पाल्माने १९८३ मध्ये हीच कथा मायामीतल्या कोकेनवर बेतली. सत्तरच्या दशकातल्या हिंदी पडद्यावरचा तस्कर मात्र बहुधा सोन्याचा, कारण सोन्यावर तेव्हा कडक निर्बंध होते; सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

नवी मुंबईच्या प्रेक्षकाला या कथांमधला माल परका नाही. शेजारच्या उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये बांबूसारख्या रंगवलेल्या नळ्यांत दडवलेले १९१ किलो हेरॉइन सापडले. कागदोपत्री ती आयुर्वेदिक औषधे होती. पुढच्या वर्षी इराणहून आलेल्या कंटेनरमध्ये जवळपास ३०० किलो हेरॉइन मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये हेरॉइन चढवलेल्या ज्येष्ठमधाच्या कंटेनरचा छडा लागला, तर त्याच महिन्याच्या अखेरीस वाशीत संत्र्यांच्या ट्रकमधून १९८ किलो मेथ (मेथॲम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ) आणि ९ किलो कोकेन महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. ठाणे पोलिसांनी २०१६ मध्ये थेट सोलापूरच्या कारखान्यातून मेथ बनवायला लागणाऱ्या इफेड्रिनचा प्रचंड साठा जप्त केला होता.

या प्रकरणांत वेगवान बोटी नाहीत, पिस्तुलेही नाहीत. आहेत ती आयातीची कागदपत्रे, सीलबंद कंटेनर, फळांच्या पेट्या आणि गोदामे. तस्कराचे खरे कसब नेहमीच्या व्यापारात बेमालूम मिसळण्यात असते, आणि ते दाखवणारे चित्रपट फार थोडे. ट्रकचा चालक, क्लीनर, गोदामातला हमाल हे पडद्यावर मागेच राहतात. प्रत्यक्षात पोलिसांच्या हाती बहुधा तेच आधी लागतात.

अस्ताच्या चित्रणात तर मोठीच पोकळी आहे. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा. त्यात शिक्षा मुख्यतः मालाच्या वजनावर ठरते. हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा, कोकेन १०० ग्रॅमपेक्षा किंवा गांजा २० किलोपेक्षा जास्त असला तर ते व्यापारी प्रमाण. दोषी ठरल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी. कलम ३७ मुळे अशा खटल्यात जामीन अत्यंत दुर्मीळ. निकालाच्या कितीतरी आधी माणूस तळोजा किंवा ठाणे कारागृहात वर्षे काढतो. तारखेवर तारीख, वकिलाची फी, भेटीसाठी ताटकळणारी बायको हाच खरा उतार. दिग्दर्शकांना तो कंटाळवाणा वाटत असावा, म्हणून गोळी घालून कथा मिटवली जाते.

कोठडीतला कबुलीजबाब हा या चित्रपटांचा आवडता प्रसंग. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात स्पष्ट केले, की एनडीपीएसच्या कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. खटला उभा राहतो तो पंचनामा, सील आणि दंडाधिकाऱ्यांसमोर काढलेल्या नमुन्यांवर. राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क अंगझडतीपूर्वी आरोपीला सांगितला नाही किंवा पंच फितूर झाला, तर मोठी केसही कोसळू शकते. या कोर्टातल्या झुंजीत थरार काही कमी नाही.

आईच्या नावावर घेतलेला बंगला हे या प्रकारातले ठरलेले दृश्य. एनडीपीएसमधल्या १९८९ च्या दुरुस्तीनंतर काळ्या धंद्यातून घेतलेली अशी मालमत्ता नातेवाइकांच्या नावावर असली तरी सरकारजमा होऊ शकते, आणि ती सचोटीच्या पैशातली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरच्यांवर येते.