लायपेज तीन हजार, पण आजार किती?

स्वादुपिंडाला अचानक सूज आलेल्या (पॅन्क्रियाटायटिस) पेशंटचे वॉर्डाबाहेर बसलेले नातेवाईक रिपोर्टमधला एकच आकडा एकमेकांना सांगत असतात: लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं द्रव्य, रक्तात 3000. आता काही खरं नाही, असं धरून बाया डोळ्याला पदर लावतात. शेजारच्या पेशंटचं लायपेज 700, म्हणून त्याच्या घरचे निवांत. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत.

स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याला लागून असतं. त्याचे पाचक रस एरवी आतड्यात पोहोचल्यावरच कामाला लागतात. पित्ताचा खडा नळीत अडकला, दारूने घात केला किंवा रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी फार वाढली, तर हे रस जागच्या जागी जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. दुखणं पाठीत आरपार जातं. लायपेज नॉर्मलच्या तिप्पट किंवा जास्त झालं की निदानाला आधार मिळतो. पण आजार किती उग्र होणार, हे ते सांगत नाही. ते रोज तपासून हाती काही लागत नाही.

साधारण 80 टक्के पेशंट काही दिवसांत बरे होतात. ज्यांची फुप्फुसं, मूत्रपिंडं किंवा रक्ताभिसरण 48 तासांनंतरही सावरत नाही, त्यांचा आजार 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार तीव्र. हे आधी कळावं म्हणून जॉन रॅन्सन यांनी 1974 मध्ये 11 निकष मांडले; पण ते पूर्ण व्हायलाच 48 तास लागतात. सीआरपी या प्रथिनाच्या तपासणीचंही तेच. सूज वाढली की यकृत हे प्रथिन बनवतं, पण त्याला वेळ लागतो. 48 तासांनी ते लिटरला 150 मिलिग्रॅमच्या वर असेल तर सावध व्हावं. पहिल्या रात्रीच्या कमी सीआरपीवर विसंबू नये.

मला जास्त मोलाच्या वाटतात त्या दोन स्वस्त तपासण्या: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा टक्का) आणि युरिया (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ). सुजेमुळे केशवाहिन्या झिरपू लागतात, पाणी बाहेर जातं, रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट 44 च्या वर जातं. मूत्रपिंडाला रक्त कमी पडलं की युरिया चढतो. पुस्तकांत बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) 20 ही धोक्याची खूण असते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ब्लड युरिया देतात, तेव्हा तोच आकडा 43 च्या आसपास दिसतो.

मराठवाड्यात एक मेख आहे. रक्त कमी असलेल्या बाईचं हिमॅटोक्रिट मुळातच 26 असेल आणि ते 33 वर गेलं, तर रक्त दाट झालंय. पण 44 ची वाट पाहणाऱ्याला ते दिसणारच नाही. उलट, मे महिन्यात दिवसभर रानात राबलेल्या माणसाचा युरिया उन्हानेच थोडा चढलेला असू शकतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे निघालाय, हे महत्त्वाचं. सलाईन सुरू केल्यावर 12 ते 24 तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. युरिया उतरला तर ठीक. चढतच राहिला तर आयसीयूची तयारी. सलाईनही मोजूनमापूनच हवं: 2022 च्या एका मोठ्या चाचणीत भरमसाट सलाईनने फायदा झाला नाही, अंगात पाणी मात्र जास्त साचलं.

किनवटहून नांदेडला पेशंट पाठवायचा तर शंभराहून जास्त किलोमीटरचा रस्ता. सोबतच्या चिठ्ठीत हिमॅटोक्रिट, युरिया आणि रक्त किती वाजता घेतलं ती वेळ लिहिलेली असली, तर नांदेडच्या डॉक्टरांना त्यांच्या पहिल्याच रिपोर्टवर तुलना करता येते.