दसऱ्याचे तोरण आणि आपट्याचे पान : पार्श्वभूमी

शरद ऋतूत आपल्याकडे घरोघरी पानांची जी सजावट होते, ती पिकल्या पानांची नसते. पावसाळा संपताना भरात असलेल्या हिरव्या पानांची असते. दाराला आंब्याच्या पानांचे तोरण आणि देवापुढे आपट्याची पाने ही आज दसऱ्याची जोडगोळी झाली असली, तरी दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

तोरणाची प्रथा जुनी आहे, हे सांगायला साँचीच्या स्तूपाची दगडी तोरणे पुरेशी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील ही तोरणे लाकडी कमानींच्या घडणीवर बेतलेली आहेत. मात्र ज्या केशरी झेंडूशिवाय आज तोरणाची कल्पनाच करवत नाही, तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा असून पोर्तुगीजांच्या दळणवळणातून १६व्या शतकानंतर इकडे रुजला. त्याआधीच्या तोरणाचा अंदाज घ्यायचा असेल, तर कोकणात दाराला बांधले जाणारे ‘नवे’ पाहावे. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरी आणि कुरडूचे फूल आंब्याच्या पानात धरून त्याची जुडी बांधतात. झेंडू आता त्यातही शिरला आहे, पण मान अजून नव्या पिकाचाच आहे. घरच्या तोरणासाठी आंब्याचेच पान का, याचे एक साधे उत्तर त्या पानातच आहे. ते चिवट आणि वरून मेणचट असल्याने देठाशी दुमडून सुतळीत ओवले तरी फाटत नाही आणि सावलीत सुकले तरी बरेच दिवस आकार धरून राहते.

खरा गुंता आपट्याचा आहे. दसऱ्याच्या विधीत मूळ मान शमीचा. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे ठेवली ती शमीवर, आणि सीमोल्लंघनालाही ईशान्येस जाऊन शमीपूजन करावे असे धर्मशास्त्र सांगते. १८व्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या एका शास्त्र्याने रचलेल्या आणि महाराष्ट्रात आजही आधार मानल्या जाणाऱ्या ग्रंथात शमी न मिळाल्यास अश्मंतक, म्हणजे आपटा, पुजावा अशी सोय दिलेली आहे. शमी हे कोरड्या मुलखातले काटेरी झाड, तर आपटा महाराष्ट्राच्या पानझडी रानात आणि माळावर सहज आढळणारा. त्यामुळे ही सोयच येथे मुख्य रीत झाली. गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे सोने मागायला आलेल्या कौत्साच्या कथेचा आधार नेहमी दिला जातो. परंतु कालिदासाच्या रघुवंश या महाकाव्याच्या ५व्या सर्गात सोन्याची वृष्टी राजाच्या कोषगृहात होते, तेथे आपटा नाही. नाणी झाडावर पडल्याचा तपशील लोककथेने पुढे जोडला आणि पान सोने झाले. कोल्हापूरच्या दसऱ्यात पूजा आटोपताच लोक हे सोने लुटायला धावतात, ते दृश्य याच जोडणीचे फळ आहे.

शमीऐवजी आपटा हा बदल विचारपूर्वक आणि नियम सांगून झाला. आपट्याऐवजी कांचन हा अलीकडचा बदल मात्र तसा नाही, आणि या टिपणात त्यावर भर देणे आवश्यक वाटते. शहरे वाढली, माळ गेले, आणि मागणी भागवण्यासाठी रस्त्याकडेला व बागांत लावलेल्या कांचनाच्या फांद्या बाजारात येऊ लागल्या. दोन्ही झाडे एकाच कुळातली, दोन्हींचे पान मधोमध चिरलेले, म्हणून गल्लत होते. तरी पान हातात घेतल्यावर फरक दिसतो. आपट्याचे पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला अधिक आणि पाठीमागून धुरकट, लवदार असते. कांचनाचे पान मोठे आणि पातळ. जांभळ्या फुलांचा देवकांचन नेमका आश्विनाच्या सुमारास फुलू लागतो. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओरबाडलेली फांदी पानांबरोबर त्या वर्षीच्या कळ्याही घेऊन जाते. शहरी भागात झाड तोडण्यास १९७५च्या कायद्याने परवानगी लागते, पण एका रात्रीत ओरबाडल्या जाणाऱ्या अशा फांद्यांपुढे तो कायदा तोकडा पडतो.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिला कागदी सोन्याचा आणि प्लास्टिकच्या तोरणाचा. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी प्लास्टिकची पानेफुले दुकानांत राहिली, आणि एकदा विकत घेतलेले तोरण वर्षानुवर्षे टांगले जात असल्याने घरी बसून पाने ओवण्याची सवयच मागे पडली. दुसरा उपाय आपट्याचे रोप देण्याचा. पाने अजिबात तोडू नयेत असा काहींचा आग्रह आहे, तर विधी सोडू नये असा इतरांचा. वास्तविक पूजेला एक पान चालते आणि वडीलधाऱ्यांच्या हाती ठेवायलाही एकच. फांदीची गरज विधीत कोठेही नाही, ती बाजाराच्या सोयीची आहे. आपटा बियांपासून होतो आणि कोरड्या, हलक्या जमिनीतही तग धरतो. रोप आणताना मात्र पान पारखून घ्यावे, कारण कोवळेपणी आपटा आणि कांचन यांतला फरक चटकन ध्यानात येत नाही.