फ्लेमिंगो आले की विविधता घटते?

भाऊच्या धक्क्यावर पहाटे दोन पाट्या शेजारी-शेजारी ठेवल्यात असं समजा. दोन्हींत शंभर-शंभर मासे, दोन्हींत जाती पाचच: बोंबील, मांदेली, बांगडा, तारली, सौंदाळा. पहिलीत प्रत्येकाचे वीस नग. दुसरीत मात्र ९६ बोंबील आणि बाकीच्या चौघांचा एकेकच. जातींची यादी केली तर दोन्ही पाट्या सारख्या. पण कोणतीही कोळीण दुसरीला सरळ बोंबलांचीच पाटी म्हणेल.

गणितही तिच्याच बाजूचं आहे. एडवर्ड सिम्प्सन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली विविधता मोजायची एक साधी युक्ती मांडली. डोळे मिटून पाटीतला एक मासा उचला, बघा, परत टाका, पुन्हा एक उचला. दोन्ही वेळा एकच जात हाती येण्याची शक्यता किती? पहिल्या पाटीत २० टक्के, दुसरीत सुमारे ९२ टक्के. या शक्यतेने एकाला भागलं की पाटीत खऱ्या अर्थाने किती जाती 'नांदतात' ते कळतं. पहिलीत ५, दुसरीत जेमतेम १.०८.

आता हीच मोजपट्टी ठाण्याच्या खाडीला लावून बघा. हिवाळ्यात फ्लेमिंगोंचे, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्यांचे, थवेच्या थवे उतरतात आणि चिखल गुलाबी होतो. त्यातले बहुतेक धाकटे रोहित. खाडीत एकाच जातीचे इतके पक्षी आले की ती बोंबलांच्या पाटीसारखी होते आणि सिम्प्सनच्या हिशोबात विविधता चक्क घसरते! शिवडीला दुर्बीण घेऊन जमणाऱ्यांना हे सांगून बघा, कोणी ऐकून घेणार नाही. आणि त्यांचंही चूक नाही. २०१५ साली अभयारण्य झालेली ही खाडी २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. त्या यादीच्या निकषांत विविधतेइतकाच गर्दीलाही मान आहे: नियमितपणे वीस हजार पाणपक्षी येत असतील, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येचा निदान एक टक्का तिथे राहत असेल, तरी जागा महत्त्वाची ठरते.

गंमत पुढेच आहे. धाकटा रोहित जगतो तो मुख्यतः पाण्यातल्या सूक्ष्म शैवालावर आणि इथे ते फोफावण्यामागे शहराच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद आहे, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पक्ष्यांचा वाढता आकडा हा खाडीच्या तब्येतीचा दाखला मानायचा की आजाराचं लक्षण? नुसत्या आकड्यातून याचं उत्तर मिळत नाही. चिखलातले निवटे, खेकडे आणि किडेही मोजावे लागतात, आणि त्यांचा फोटो काढायला कोणी येत नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अडचण उलटी. तिथे बिबटे आहेत, पण समोर येत नाहीत. मग पायवाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यामुळे कोण कोणता ते ओळखता येतं. समजा पहिल्या फेरीत २० बिबटे टिपले. दुसऱ्या फेरीतही २०, पण त्यातले १० ओळखीचे निघाले. दुसऱ्या खेपेला निम्मे जुने, म्हणजे पहिले २० हे एकूण संख्येच्या निम्मे असावेत, अर्थात सगळे मिळून ४०. आकडे सोयीसाठी घेतलेत आणि प्रत्यक्षातलं गणित बरंच किचकट असतं, पण गाभा हाच. २०१५ च्या अशा मोजणीत उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले.

मोजणी कधी केली यानेही चित्र पालटतं. किनाऱ्यावरच्या खडकांतले जीव पाहायचे तर भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत जाऊन फारसं हाती लागत नाही. उधाणाची मोठी ओहोटी गाठावी लागते. अशी ओहोटी निदान पंधरवड्याने परत येते. उद्यानातल्या कारवीचं तसं नाही. ती २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. मधल्या सात वर्षांत कोणी तिच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मोजायला गेला असता, तर वहीत शून्य लिहून परतला असता. पुढचा बहर २०३२ साली.